भाऊकीच्या सहीचा दाखला

मी बारावीत होते त्या वर्षी एका सकाळी आमची केळीची बाग आडवी पडलेली सापडली. सहाशे झाडं होती. एकूण एक कमरेतून कापलेलं. घड अजून हिरवे होते, पंधरा दिवसांत गाडीत भरायचे. केळीचं खोड कापलं की आतून पाणी सुटतं. ते पाणी सऱ्यांतून ओघळत होतं आणि आई त्यात बसून छाती बडवत होती. वडील रडले नाहीत. त्यांनी एक घड खांद्यावर घेतला, चुलत्याच्या दारात नेऊन आदळला आणि म्हणाले, "खा. पोटभर खा." चुलता आतून कुऱ्हाड घेऊन आला. चुलतीनं त्याच्या कमरेला मिठी मारली म्हणून त्या दिवशी रक्त सांडलं नाही.

आमचं गाव अर्धापूरच्या बाजूचं. पाटाचं पाणी, काळी जमीन, जिकडं बघावं तिकडं केळी. लोक म्हणतात, काय हिरवंगार गाव! त्या हिरव्यात आम्ही कसे जगलो ते आम्हालाच ठाऊक. घरात गरिबी होती, पण गरिबीचं मला कधी काही वाटलं नाही. भीतीचं वाटायचं. आमचा आणि चुलत्याचा बांध एक, विहीर अर्धी अर्धी. दर वर्षी त्याचा नांगर आमच्याकडं एक तास, म्हणजे नांगराची एक रेघ, सरकायचा आणि वडील दगड उचलून पुन्हा होते तिथं ठेवायचे. मला भाऊ नाही. त्यामुळं चुलत्याला वाटायचं, हिचं लग्न होऊन ही गेली की जमीन आपलीच; तोवर म्हातारा दमला पाहिजे. मग एकदा वडिलांच्या खांद्याचं हाड मोडलं. एकदा आईला केस धरून विहिरीपर्यंत ओढत नेलं. आमचं कुत्रं विष घालून मारलं. आम्हीही कमी नव्हतो. त्यांच्या विहिरीवरच्या मोटारीत वाळू आम्हीच घातली होती, आणि त्यांच्या बैलाचा पाय कुणी मोडला ते मी वडिलांना कधी विचारलं नाही.

अशा घरातून मी लातूरला शिकायला गेले. आमच्या घराण्यात कॉलेजचा उंबरा ओलांडणारी पहिली मी. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि सुट्टीत गावी आले होते, तेव्हा ते घडलं.

विहिरीवर आमच्या मोटारीची वायर कापलेली होती. वडील जोडायला उतरले. चुलता आणि त्याचे दोन मेव्हणे वरून आले आणि वडिलांना फावड्याच्या दांड्यानं मारू लागले. मी पलीकडं केळीची वाळलेली पानं कापत होते. धावत गेले. वडिलांच्या डोक्यातून रक्त डोळ्यांत उतरलं होतं, त्यांना दिसत नव्हतं, ते हवेत हात मारत होते. चुलत्यानं दांडा पुन्हा उचलला. मी कोयता चालवला. त्याच्या मनगटाच्या वर बसला. वकिलाला मी सांगितलं, ढकलाढकलीत लागला. कोर्टात तर तोंडच उघडलं नाही. इथं सांगते: मी नेम धरून मारला होता. आवाज खोडावर कोयता बसल्यासारखाच आला. चुलत्याच्या उजव्या हाताची तीन बोटं तेव्हापासून हलत नाहीत.

पण मला ज्याची लाज वाटते ते हे नव्हे. ते दुपारी झालं, नांदेडच्या दवाखान्यात.

वडिलांच्या डोक्याला टाके पडत होते. फिर्याद द्यायची होती, आणि घरात लिहिता येणारी मी एकटी. मामा शेजारी उभे राहून सांगत होते. आमच्याकडं फिर्याद लिहायची एक रीत आहे. ज्यानं मारलं त्याचं नाव घालायचंच, पण त्या घरातला जो शिकून राहिला, नोकरीला लागून राहिला, त्याचं नाव आधी घालायचं. मारणारा चार दिवसांत जामिनावर सुटतो. शिकणाऱ्याचं आयुष्य अडकतं.

"त्या पोराचं टाक पहिलं," मामा म्हणाले.

"तो नव्हता, मामा."

"म्हणून काय झालं? पोलीस भरतीला उतरून राहिला ना त्यो? टाक. तुझ्या बापाचं डोकं बघ आन टाक."

मी बापाचं डोकं बघितलं आणि नाव टाकलं. चुलतभाऊ, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. हातात काठी होती असंही लिहिलं. त्या दिवशी तो नांदेडच्या मैदानावर पळत होता. गावात नव्हता, विहिरीवर तर नव्हताच. त्यांनीही उलटी फिर्याद दिली, तिच्यात माझं नाव घातलं. त्यांचं खरं होतं.

तो भरतीत पास झाला. धावला, लेखीतही निघाला. मग चारित्र्य पडताळणी आली, तिच्यात माझ्या हातची केस निघाली. गावानं मला लातूरला फोन करून सांगितलं: त्यानं घरातली भांडी फोडली, स्वतःचं कपाळ भिंतीवर आपटून घेतलं, चार टाके पडले. केस संपली तेव्हा त्याचं वय निघून गेलं होतं. केस संपली म्हणजे काय, पाव्हण्यारावळ्यांनी दोन्ही घरांना समोरासमोर बसवलं, साक्षीदार फिरले, सगळे निर्दोष सुटले. बांधावर सिमेंटचे खांब रोवले. बोलणं मात्र बंद झालं ते झालंच.

मी लातूरच्या एका कंपनीत लागले. डाळ मिलची यंत्रं बनवणारी कंपनी. आमचं यंत्र दाण्यादाण्याचा फोटो काढतं, खडा आणि काळा दाणा हवेच्या फुंकेनं बाजूला उडवतं. ती यंत्रं अमेरिकेतही जाऊ लागली. तिथं ती बसवायला आणि बिघडली तर दुरुस्त करायला मी जाऊ लागले. अर्धापूरची पोरगी हैदराबादेहून विमानात बसून दुसऱ्या देशातल्या मिलवाल्याला सांगते की तुझी हवा कमी पडतेय. याचा मला अभिमान आहे आणि तो लपवायचं काही कारण मला दिसत नाही.

अडचण सीमेवर व्हायची. विमानातून उतरलं की पासपोर्ट तपासणीची रांग, दोन दोन तास. एकटी बाई, हातात अवजारांची पेटी, परतीचं तिकीट तीन दिवसांनी. मला हटकून आतल्या खोलीत बसवायचे. तिसऱ्या खेपेला पुढचं विमान सुटलं. तिकडं मिल दीड दिवस बंद राहिली. लातूरला परतल्यावर साहेबांनी बोलावलं.

"तिकडं एक योजना आहे. विश्वासू प्रवाशांची," ते म्हणाले. "आधीच सगळी चौकशी करतात. पास झालात की रांग नाही, यंत्रासमोर उभं राहायचं आणि निघायचं. ती काढा. नाही निघाली तर तुमच्या जागी दुसरा इंजिनिअर पाठवतो. तुम्ही इथं ऑफिस सांभाळा."

ऑफिस सांभाळणं म्हणजे काय ते मला कळत होतं. आमच्या कंपनीतल्या आधीच्या दोन मुलींनी तेच सांभाळलं होतं.

भारतातून ही योजना घ्यायची तर आधी पासपोर्टच्या ऑफिसात पूर्वचारित्र्य तपासणीचा अर्ज द्यावा लागतो. आपले पोलीस तपासतात, मग दाखला मिळतो. फॉर्म भरायला मी नांदेडला एका एजंटाकडं बसले. एक रकाना होता: कधी अटक झाली का, गुन्हा दाखल झाला का.

"नाही लिहा," एजंट म्हणाला.

"दाखल झाला होता."

"सुटलात ना? मग नाही. कोण बघून राहिलंय, ताई?"

"ते बघायलाच तर बसलेत."

मी 'होय' लिहिलं आणि निकालाची प्रत जोडली. हे मी प्रामाणिक म्हणून केलं असं नाही. खोटं सापडलं तर कायमची बाद होईन, हे मला माझ्या धंद्यामुळं कळत होतं. रंग चढवलेला खडा यंत्र आधी उडवतं.

पासपोर्ट काढला तेव्हा लातूरच्या भाड्याच्या खोलीचा पत्ता दिला होता. या वेळी गावचा कायमचा पत्ता तपासायचा होता. ठाण्यातून हवालदारांचा फोन आला. "मॅडम, मी गुरुवारी गावात येतो. कागद तुमच्या पोलीस पाटलाकडं पाठवलाय, तोवर त्यांना अभिप्राय लिहून ठेवायला सांगा. त्यांच्या सहीशिवाय माझा रिपोर्ट पुढं जात नाही."

आमच्या गावचा पोलीस पाटील चुलतभाऊ आहे. पोलिसात जाता आलं नाही, म्हणून त्यानं गावचं ते पद मिळवलं. गावातल्या प्रत्येक पोराची नोकरीची पडताळणी त्याच्या हातून जाते.

बुधवारी मी गावी आले. वडिलांना सांगितलं तर म्हणाले, "त्याच्या दारात गेलीस तर परत हिकडं येऊ नको." मी गेले.

तो ओट्यावर वही घेऊन बसला होता. बाजूच्या बाजेवर चुलता. अकरा वर्षांनी मी त्या दारात उभी होते.

"कोण आलंय बघा," चुलता म्हणाला. "हात तोडणारी आली. बस गं, बस. माझा एकच चालू राहिलाय, त्यो मी बाजूला ठेवतो." आणि त्यानं खरंच डावा हात मांडीखाली घातला. मला हसावं की रडावं कळेना.

चुलतभाऊ हसला नाही. "काय काम काढलं, मॅडम?"

"दादा, माझा कागद आलाय तुझ्याकडं."

"आलाय. चार दिस झाले, उशाखाली घेऊन झोपून राहिलो." त्यानं वही मिटली. "ते अमेरिकावाले काय विचारून राहिले? ही बाई विश्वासाची हाय का, असंच ना? आन विचारून कुणाला राहिले? मला!"

वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन आली. त्यानं तो तिच्या हातातून ओढला आणि फेकला. माझ्या कानाजवळून जाऊन तो भिंतीवर आदळला. मी डोळे मिटले नाहीत.

"बापाचा हात तोडलास, त्याचं मला काय न्हाई," तो उभा राहत म्हणाला. "तुझ्या बापाला मारत व्हते, तू हाणलंस. म्या बी हाणलं असतं. पण म्या व्हतो का तिथं? सांग. व्हतो का?"

"नव्हतास."

"मोठ्यानं."

"नव्हतास!"

"मंग कुणी लिवलं?"

"मी."

त्यानं माझी मान मागून धरली आणि केसांसकट माझं डोकं त्या वहीवर वाकवलं. गाल पुठ्ठ्यावर घासला. "लिव. जसं तवा लिवलं तसं आता लिव. खोटं व्हतं म्हणून लिव. मंग बघतो तुझं अमेरिका." चुलता बाजेवरून ओरडत होता, "सोड तिला! हरामखोरा, बाईमाणसाला हात लावतोस?" माझ्या डोळ्यांसमोर खांबाला अडकवलेला कोयता होता. खोटं कशाला सांगू, हात शिवशिवला. चार पावलांवर होता आणि तो कसा धरायचा हे मला माहीत होतं.

त्यानंच मान सोडली. एक कोरा कागद फाडून पेनासकट माझ्यापुढं टाकला.

मी सरळ बसले. विचार करायला वेळ नव्हता, तरी केला. असं लिहून दिलं म्हणजे खोटी फिर्याद दिल्याची कबुली. हा कागद तो ठाण्यात देऊ शकतो, पासपोर्टच्या ऑफिसात पाठवू शकतो. माझा दाखला गेला, कदाचित नोकरीही, आणि म्हातारपणी वडील पुन्हा कोर्टात. न लिहिलं तर सही नाही. पण मी तिथं बसले होते ते नुसतं सहीसाठी नव्हतं, हे मला तेव्हाच कळलं. त्याच्या कपाळावर पांढरा व्रण होता, तो मी पहिल्यांदा जवळून बघत होते.

मी लिहिलं. 'माझ्या चुलतभावाचं नाव मी फिर्यादीत खोटं घातलं. तो त्या दिवशी गावात नव्हता. नाव मामानं सांगितलं, पण लिहिलं मी.' खाली सही केली.

त्यानं दोनदा वाचलं. "मामाचं काढ. हात तुझा व्हता."

मी मामाचं नाव खोडलं. बरोबर होतं त्याचं.

कागद घेऊन तो तडक बाहेर गेला आणि पारावर बसलेल्या पंधरावीस माणसांसमोर मोठ्यानं वाचला. शब्द न शब्द. घरात बसूनही मला ऐकू येत होतं. चुलती माझ्या गालावरचं खरचटलेलं पदरानं पुसत होती आणि शिव्या देत होती. त्या शिव्या मला होत्या की पोराला, देव जाणे.

मी घरी पोचायच्या आधी ती बातमी पोचली होती. वडील अंगणात उभे होते. पहिली थप्पड अशी बसली की ओठ फुटला.

"माझ्या डोक्याचे टाके विकून आलीस!" त्यांनी केळीला टेकू द्यायचा बांबू उचलला. दोन पाठीवर बसले. तिसरा, मध्ये आलेल्या आईच्या दंडावर. ती खाली बसली तसा मी बांबू धरला.

"बास, बाबा. आता उचलला तर मी बी उचलीन. मला मारता येतं, तुम्हाला ठाव हाय."

त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. मग बांबू सोडला आणि खाली बसले. "त्यानं आमची सहाशे झाडं कापली," ते म्हणाले.

"त्याच्या बापानं कापली, बाबा. त्यानं न्हाई."

त्या दिवशी आमच्या घरात चूल पेटली नाही.

गुरुवारी हवालदार मोटरसायकलवरून आले. चावडीत खुर्ची टाकली. माझा ओठ सुजलेला, गाल सोललेला. त्यांनी बघितलं, विचारलं नाही. चुलतभाऊ इस्त्रीचा शर्ट घालून समोर बसला होता. माझा कागद त्याच्या वरच्या खिशात होता, टोक बाहेर दिसत होतं.

"बोला पाटील," हवालदार म्हणाले. "बाई कशी आहे?"

"भांडखोर हाय."

हवालदारांचं पेन थांबलं.

"आमच्या घराण्यातली हाय, भांडखोर असणारच," तो पुढं म्हणाला. "केस व्हती. कोर्टानं सोडलं. आम्ही सगळेच सुटलो. तवापासून काय तक्रार न्हाई. शिकली, कमावती हाय, कुणाचं वाईट केलं न्हाई." त्यानं खिशातल्या कागदावर हात ठेवला. "जे केलं व्हतं ते कबूल केलं. लिवा, वर्तणूक चांगली."

"कबूल म्हणजे काय ते?"

"घरातलं हाय, साहेब. ते नका लिवू."

त्यानं सही केली, शिक्का मारला. दुसरी सही शेजारच्या पिठाच्या गिरणीवाल्या चाचांची लागली. चाचा सही करता करता म्हणाले, "पोरगी नेक हाय, साहब. फकत तिच्या हातात कोयता देऊ नका." हवालदार मोठ्यानं हसले. चुलतभाऊ हसला नाही, पण उठून गेलाही नाही.

मी त्याला म्हणाले, "दादा, माझ्यामुळं तुझं..."

"गप," तो म्हणाला. "पुढचं बोललीस तर थोबाडीत मारीन." आणि शिक्का खिशात घालून निघून गेला. तो अजूनही माझ्याशी बोलत नाही. कागद त्याच्याकडंच आहे. तो त्याचाच आहे, मी परत मागितलेला नाही.

दीड महिन्यानं दाखला आला. मग अमेरिकेचा ऑनलाइन अर्ज, तिथंही तोच रकाना, तिथंही 'होय'. पुढच्या खेपेला उतरले तेव्हा विमानतळावरच मुलाखत झाली. अधिकारी बाई होती, वयस्कर, जाड काचेचा चष्मा. निकालाच्या आणि पोलीस पाटलाच्या अभिप्रायाच्या प्रती मी इंग्रजी भाषांतरासह नेल्या होत्या; निकाल तिनं ओळ न ओळ वाचला.

"इथं लिहिलंय शस्त्रानं दुखापत," ती म्हणाली. "काय होतं हे?"

"शेताच्या बांधावरून दोन भावांच्या घरांत मारामारी झाली. दोन्हीकडची माणसं जखमी झाली. दोन्हीकडच्यांवर गुन्हे दाखल झाले. कोर्टानं सगळ्यांना सोडलं."

"तुम्ही तिथं होता?"

"होते."

"आता कसे संबंध आहेत?"

"माझ्या चारित्र्याच्या कागदावर त्या चुलत्याच्याच मुलाची सही आहे."

तिनं तो कागद शोधला, आडनाव माझ्या पासपोर्टशी ताडून बघितलं. मग काचेवर चार बोटं ठेवायला सांगितली. आधी उजवी, मग डावी, शेवटी दोन्ही अंगठे. माझी दहाच्या दहा बोटं त्या काचेवर नीट उमटली, आणि मला चुलत्याचा मांडीखाली घातलेला हात आठवला. मी मान वर केली नाही.

बारा दिवसांनी मंजुरीचा ईमेल आला. साहेबांना दाखवला. त्यांनी दुसऱ्या इंजिनिअरचा व्हिसाचा अर्ज थांबवला.

गेल्या खेपेला मी विमानातून उतरले, यंत्रासमोर उभी राहिले, फोटो निघाला आणि अधिकाऱ्यानं हातानं पुढं जायची खूण केली. रांगेत तीनशे माणसं होती. मी अकरा मिनिटांत बाहेर होते. पुढचं विमान गाठलं आणि दुपारी मिल चालू करून दिली. माझं नाव विश्वासू प्रवाशांत पाच वर्षांसाठी नोंदलं गेलं आहे, आणि बाहेरच्या देशातलं काम आमच्या कंपनीत आता मीच बघते.